रात्री दोनची कामं आणि सकाळचा पगार

प्रश्न : आम्ही रामनगरचे, तालुका जोयडा. मोठा मुलगा बेळगावातल्या एका लहान आयटी कंपनीत आहे. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. चवथीला घरी आला तेव्हा एका रात्री दहालाच झोपला आणि सकाळी उठून म्हणाला, "रात्री दोनला सगळ्या क्लायंटचे अपडेट झाले." मी विचारलं, केले कोणी? म्हणाला, लावून ठेवलेले असतात. पण त्या रात्री आमच्याकडे लाईट नव्हती, रेंजही नव्हती. मग काम झालं कसं? सगळं आपोआपच होत असेल तर याला पगार कशाचा? धाकटी मुलगी बी.सी.ए. करते आहे. तिला हे काम इथे घरी राहून करता येईल का?
– एक आई, रामनगर

उत्तर : रामनगरात अंधार होता तेव्हा तुमच्या चिरंजिवांच्या लॅपटॉपची कोणाला गरजच नव्हती. कामं लावलेली असतात ती त्या त्या क्लायंटच्या सर्व्हरवर, नाहीतर सांभाळणाऱ्या कंपनीने डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या मुख्य यंत्रणेवर. क्लायंटच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो, त्याला या धंद्यात 'एजंट' म्हणतात. दर थोड्या वेळाने तो मुख्य यंत्रणेला विचारतो, माझ्यासाठी काही काम आहे का? दोनची वेळ झाली की तो बॅकअप घेतो, अपडेट चढवतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि झालं की नाही ते कळवतो. जोयड्याच्या जंगलातल्या लाईटीशी याचा काही संबंध नाही.

वेळ लावून ठेवायची सोय जुनी आहे. युनिक्स नावाची संगणकप्रणाली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार झाली, आणि १९७९ साली आलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीतही 'क्रॉन' हा प्रोग्रॅम होता. तो आजही चालतो. त्याला एक ओळ लिहून द्यायची, तिच्यात पाच खाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * ०' असं लिहिलं की दर रविवारी पहाटे अडीचला काम सुरू. स्टारचा अर्थ 'कोणताही चालेल'. विंडोजमध्ये हेच काम टास्क शेड्यूलर करतो, तिथे ओळ लिहावी लागत नाही, खिडकीत निवडायचं असतं. क्रॉनची ओळ लिहायला तुमची मुलगी एका दुपारात शिकेल.

म्हणजे पगार या ओळीचा नाही. ती ओळ कोणासाठी, कोणत्या रात्री आणि किती वाजताची लिहायची, हे ठरवण्याचा आहे. आणि त्याहून जास्त, लावलेलं काम जेव्हा होत नाही तेव्हा ते कळण्याचा आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी वेळेचं बघू. रात्री दोन ही निवांत वेळ, असं आपण सहज धरून चालतो. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातला साखर कारखाना क्लायंट असेल तर दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की तिथे रात्रच उरत नाही. गाळप चोवीस तास चालतं. पहाटे दोनलाही वजनकाट्यापुढे उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. काट्याला जोडलेला कॉम्प्युटर त्या क्षणी अपडेट घेऊन रीस्टार्ट झाला, तर पुढच्या ट्रॅक्टरचं वजन होत नाही, मागची रांग वाढते आणि थंडीत कुडकुडणारे ड्रायव्हर केबिनची काच वाजवू लागतात. कागदावर ही बिघाडाची नोंद पंधरा मिनिटांची दिसेल. म्हणून कारखान्याची मोठी कामं हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात करायची, आणि हंगामात अगदी टाळता न येणारी तेवढी, काट्यावरच्या माणसाला आधी फोन करून.

दूध संस्थेचं गणित याच्या उलट. तिथे संकलन पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे मोकळा वेळ भर दुपारी सापडतो. पतसंस्थेला ३१ मार्चच्या आसपास हात लावायचा नाही. सीएच्या ऑफिसात दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीच्या विवरणपत्रांची, आणि जुलैचा शेवट आयकराचा. त्या रात्री ती माणसं बारा-एकपर्यंत बसलेली असतात. गोव्यातल्या हॉटेलांना डिसेंबरअखेर एक मिनिटही बंद चालत नाही. पुण्याजवळ भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे 'रविवारी करू' म्हणणाऱ्याने तिथे आधी विचारून घ्यावं. आखातातला क्लायंट असेल तर संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, आणि शेजारच्या सौदी अरेबियात ती अजून शुक्रवार-शनिवार आहे. २०२१ मध्ये दुबईच्या ऑफिससाठी शुक्रवारी सकाळी लावलेलं काम कोणी हलवलं नसेल, तर पुढच्या वर्षी ते कामाच्या दिवशी लोकांच्या समोर चालू झालं असणार. हे कोणत्याही प्रोग्रॅमला आपोआप कळत नाही. कोणालातरी क्लायंटशी बोलावं लागतं, आणि बोललेलं लिहून ठेवावं लागतं. दोघांच्या संमतीने ठरलेल्या या वेळेला 'मेंटेनन्स विंडो' म्हणतात.

कॅलेंडरच्या खोड्या वेगळ्याच. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून आपले सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, किंवा अमेरिकेत हिवाळ्याची वेळ असेल तर साडेअकरा वाजलेले असतात. आता समजा ठरवलं की अपडेट आल्यावर दुसऱ्या दिवशी, बुधवारी रात्री, आधी चाचणीच्या मशीनवर ते चढवायचे. मनात सहज येतं : दुसरा मंगळवार, मग दुसरा बुधवार. पण महिना बुधवारीच सुरू झाला तर? ऑक्टोबर २०२५ तसाच होता. दुसरा बुधवार ८ तारखेला आला आणि दुसरा मंगळवार १४ ला. 'दुसरा बुधवार' असं लावून बसलेल्यांचं काम अपडेट यायच्या सहा दिवस आधी होऊन गेलं, आणि यंत्रणेने हिरवी खूण दाखवली. शिवाय १४ ऑक्टोबर हाच विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत अपडेटचा शेवटचा दिवस होता. खरा नियम असा : ९ ते १५ या तारखांमध्ये येणारा बुधवार.

आणि हा नियम क्रॉनमध्ये सरळ लिहायला गेलं तर तिथे आणखी एक सापळा आहे. तारखेच्या खान्यात ९ ते १५ आणि वाराच्या खान्यात बुधवार असं दोन्ही लिहिलं की आपल्याला वाटतं, दोन्ही जुळले तरच काम होईल. क्रॉन मात्र दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम करतो. म्हणजे ९ ते १५ रोज, शिवाय महिन्यातला प्रत्येक बुधवार. यावर उपाय म्हणजे क्रॉनला फक्त तारखा द्यायच्या, आणि आज बुधवार आहे का हे कामाच्या स्क्रिप्टनेच पहिल्या ओळीत तपासायचं. हे पुस्तकात असतं, पण बहुतेकांना कळतं ते एखाद्या सर्व्हरने आठवडाभर रोज रीस्टार्ट घेतल्यावर.

परदेशातले क्लायंट असले की घड्याळही हलतं. न्यूयॉर्कच्या दुकानात शुक्रवारी रात्री अकराला करायचं काम आपल्याकडे उन्हाळ्यात शनिवारी सकाळी साडेआठला येतं आणि हिवाळ्यात साडेनऊला. ते भारतीय वेळेनुसार साडेआठला कायमचं लावलं, तर नोव्हेंबरपासून तिथे ते रात्री दहालाच सुरू होतं, कदाचित गिऱ्हाईक काउंटरवर असताना. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात. त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचा दीड दोनदा वाजतो. आपल्याला असल्या वेळांची सवय नाही, कारण भारताचं घड्याळ वर्षभर एकच. म्हणून जाणते लोक त्या रात्री एक ते तीनच्या मध्ये काहीच लावत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, मघाशी म्हटली ती. लावलेलं काम झालं नाही तर काय? काम करता करता चूक झाली, तर यंत्रणा ओरडते, मेल येतो, लाल दिवा लागतो. पण काम सुरूच झालं नाही तर? दोनला लाईट गेली आणि सर्व्हर बंद होता, तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो आणि पुढच्या रात्रीची वाट बघतो. लाल दिवा लागत नाही, कारण चूक करायलाही कोणी जागं नव्हतं.

तुमच्याच तालुक्यात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळेकडे उतरणारा रेल्वेचा घाट तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात त्या रुळांवर गस्त असते. गस्तवाला दिवा, धोक्याचे फटाके आणि गस्तवही घेऊन आपला टप्पा पायी चालतो आणि वहीवर सही घेतो. दरड दिसली तर तो गाडी थांबवतो, हे तर झालंच. पण नियमाचा खरा जोर वेगळ्या ठिकाणी आहे. गस्तवाला ठरलेल्या वेळी स्टेशनवर पोहोचला नाही, तर स्टेशनमास्तर 'काही बातमी नाही, म्हणजे सगळं ठीक' असं धरत नाही. मार्गात धोका आहे असं धरतो आणि गाडीला सावधगिरीचा हुकूम देऊन हळू सोडतो. न आलेला माणूस हीच तिथे बातमी असते.

चांगली आयटी कंपनी अगदी हेच करते. प्रत्येक कामाने संपल्यावर 'झालो' असा निरोप एका वेगळ्या यंत्रणेला द्यायचा, आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर त्या यंत्रणेने माणसाला उठवायचं. ही दुसरी यंत्रणा त्याच सर्व्हरवर, त्याच मीटरवर ठेवून चालत नाही, कारण तो बंद पडला की दोन्ही एकदम गप्प होतात.

हे न केल्याने काय होतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण गिटलॅब या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबी. हरकत नाही, बॅकअप आहेत, असं सगळ्यांना वाटलं. बघतात तर रोजचा आपोआप होणारा बॅकअप होतच नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती एक आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची दुसरी. काम फेल झाल्याचे मेल यंत्रणा पाठवत होती, पण मेलच्या सुरक्षेची एक जुळवणी राहिल्यामुळे ते मेल नाकारले जात होते. म्हणजे ओरडणाराही होता, फक्त ऐकू कोणाला येत नव्हतं. वाचवलं ते एका इंजिनिअरने काही तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने. तरी साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने सगळी हकीकत स्वतःहून जगापुढे मांडली, म्हणून आपण त्यातून शिकू शकतो. त्यांचं हे वागणं मला मनापासून आवडलं.

सुटलेलं काम नंतर करायचं की नाही, हाही निर्णय माणसाचाच. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एक खूण आहे : वेळ चुकली तर मशीन चालू होताच काम करा. बॅकअपसाठी ती खूण हवीच. रीस्टार्टसाठी ती असेल, तर रात्री बंद असलेला कॉम्प्युटर सकाळी दहाला चालू होईल, आणि अकाउंटंटबाई अर्धं व्हाउचर टाइप करून झाल्यावर पडदा काळा होईल. आणखी एक चूक लहान कंपन्यांत सर्रास दिसते. एकला बॅकअप, दोनला अपडेट, तीनला रीस्टार्ट, असं घड्याळाच्या भरवशावर लावतात. पहिल्या वर्षी बॅकअप चाळीस मिनिटांत होतो, तिसऱ्या वर्षी फायली वाढून तो दोन तास घेतो, आणि बॅकअप अर्धवट असतानाच अपडेट सुरू होतो. आधीचं नीट संपलं तरच पुढचं सुरू, अशी साखळी लावावी लागते.

'सगळ्या क्लायंटचे अपडेट दोनला झाले,' या चिरंजिवांच्या वाक्यावर मी त्यांना एक विचारेन : सगळ्यांचे एकाच रात्री का? १९ जुलै २०२४ ला, आपल्याकडे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट जगभर आपोआप गेला. ७८ मिनिटांत त्यांनी तो मागे घेतला, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्या विमानतळांवर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. बिघाड दूर करायला बऱ्याच ठिकाणी एकेका मशीनपाशी माणसाला जाऊन बसावं लागलं. त्यानंतर त्या कंपनीनेही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. लहान कंपनीलाही हे सहज जमतं : आधी आपलीच दोन-चार मशीन, मग एखादा सांभाळून घेणारा क्लायंट, दोन दिवस काही झालं नाही तर बाकीचे, आणि दवाखाने सगळ्यात शेवटी.

या कामातली जोखीमही सांगून ठेवतो. पन्नास क्लायंटच्या मशीनवर रात्री काहीही चालवता येईल अशी यंत्रणा ज्याच्या हातात, त्याच्या हातात पन्नास घरांच्या किल्ल्या. २ जुलै २०२१ ला, अमेरिकेतल्या सुट्टीच्या तोंडावर, कसेया नावाच्या कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमध्ये खंडणीखोर शिरले आणि त्यांनी आपला प्रोग्रॅम 'दुरुस्ती' या नावाने एजंटांकरवी क्लायंटच्या मशीनवर चढवला. थेट फटका बसलेल्या कंपन्या साठच्या आत होत्या, पण त्या ज्यांना सांभाळत होत्या अशा सुमारे १५०० पर्यंत व्यवसायांना झळ बसली. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची आठशेच्या आसपास दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची मशीन चालेनात. तेव्हा पासवर्ड, दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी, कोणी कधी काय लावलं याची नोंद, या गोष्टींत ढिलाई चालत नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. सगळी घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायचंही त्यात आहे. वेळेवर चालणाऱ्या या धंद्यात ते योग्यच आहे.

आता धाकटीचं. रामनगर हमरस्त्यावर आहे, त्यामुळे तुमची परिस्थिती डिग्गीसारख्या आतल्या गावांपेक्षा बरी. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात अशा कितीतरी वाड्या आहेत जिथे फोन लावायला टेकाडावर जावं लागतं. तिने या कामाचे दोन भाग वेगळे करून बघावेत. वेळापत्रक आखणं, स्क्रिप्ट लिहिणं, क्लायंटशी बोलून त्यांच्या कामाच्या वेळा नोंदवणं, सकाळी रात्रीचा अहवाल वाचून काय झालं नाही ते शोधणं, हे सगळं घरून उत्तम होतं. मध्येच लाईट गेली तरी तासाभराने पुढे चालू करता येतं. दुसरा भाग रात्रीच्या पाळीचा, म्हणजे यंत्रणेने उठवलं की पंधरा मिनिटांत लॉगिन करण्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये झाड पडून वीज आणि रेंज एकदमच जाते अशा ठिकाणाहून तो भाग तिने एकटीने घेऊ नये. घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी, आणि आपला प्रतिसाद आला नाही तर आपोआप दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याला फोन जाईल अशी सोय, हे तिन्ही हवं. अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. नोकरी धरताना तिने हे स्पष्ट विचारावं, लाजू नये.

शिक्षणासाठी खर्च नाही. जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स फुकट बसतं. स्वतःच्या कॉलेजच्या फायलींचा बॅकअप रोज रात्री क्रॉनने दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावावा. आठवड्याने एक फाइल मुद्दाम पुसावी आणि बॅकअपमधून परत आणून, उघडून वाचावी. नुसता बॅकअप घेणारे पुष्कळ आहेत, तो परत आणून बघणारे फार थोडे. मग एक रात्र लॅपटॉप बंद ठेवावा, आणि काम न झाल्याचं सकाळी तिच्या फोनवर आपोआप कळतं का ते पाहावं. पहिल्यांदा कळणार नाही. कळेल अशी व्यवस्था तिने स्वतः उभी केली, तर बेळगाव, हुबळी किंवा पणजीत मुलाखतीला जाताना बी.सी.ए.च्या गुणपत्रिकेसोबत तेही दाखवावं. मी मुलाखत घेणारा असतो तर आधी तेच बघितलं असतं.